बाबांच्या फोटोखालचा शब्द

कांचघर, जबलपूर
११ जुलै २०२५

ममताताई,

जय भीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहिलेलं नाही, ते राहून गेलं असं समजू नकोस. नऊ वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र निदान दारात पडेल आणि पायाखाली तरी येईल, म्हणून पत्र.

काल आषाढी पौर्णिमेला वर्षावास, भिक्खूंचा पावसाळ्याचा तीन महिन्यांचा मुक्काम, सुरू झाला. वंदना संपल्यावर अश्वजीत माईकवर आला. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो कॉलेजात होता. आता विहार समितीचा सचिव आहे आणि घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा नियमावली उघडून ठरवत असावा. त्याने जाहीर केलं की विहाराचा नवा हॉल तयार होतो आहे. आश्विन पौर्णिमेच्या सभेनंतर दिवंगत ज्येष्ठांचे फोटो नव्या भिंतीवर लागतील, मात्र ज्यांच्या फोटोखाली शब्द आहे त्यांचेच. बाकीचे सन्मानपूर्वक कपाटात ठेवण्यात येतील. सन्मानपूर्वक म्हणे! कपाटात काय झुरळं मानवंदना देणार आहेत?

आणि 'बाकीचे' म्हणजे किती? एक. गणपत रामटेके, १९३६ ते २०१६, खाली कोरी पट्टी. आपले बाबा.

तुला सगळं पाठ आहे हे मला माहीत आहे, तरी लिहिते, कारण इतक्या वर्षांत हे मी कुणापाशीच बोललेले नाही. विहार उभारणाऱ्या गुलाबराव आजोबांनी घालून दिलेला नियम साधा. फोटोखाली नाव, साल आणि एकच गुण. "विशेषण नको, प्रसंग सांगा," हे त्यांचं वाक्य. ज्याला गुण सुचवायचा त्याने सभेत उभं राहून एक घडलेली गोष्ट सांगायची. कुणाकडे उलटा प्रसंग असेल तर त्याने तो तिथेच सांगायचा. तो खरा निघाला की शब्द पडला. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांना 'माझा दोष दिसला असेल तर सांगा' म्हणतात, म्हणून आपली सभाही त्याच दिवशी.

बाबा गेले त्या वर्षीच्या सभेत तू उठलीस आणि त्यांच्यासाठी 'धैर्य' मागितलंस. पुराच्या पाण्यात शिरून त्यांनी शेजाऱ्यांची म्हैस सोडवली ती गोष्ट सांगितलीस. टाळ्या पडल्या. मग मी उठले. म्हटलं, रिछाईच्या कारखान्यात बाबा फोरमन होते तेव्हा प्रेसवर एका कामगाराची बोटं गेली. मशीनची संरक्षक जाळी मालकाच्या पुतण्याने आदल्या संध्याकाळी काढून ठेवली होती आणि ते बाबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चौकशीत मात्र ते म्हणाले, मी काही पाहिलं नाही. आळ मेंटेनन्सच्या जगन्नाथवर आला, त्याची नोकरी गेली. बाबांनी हे आईला सांगितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि दाराआड उभी होते.

शब्द पडला. तू त्याच आठवड्यात नागपूरला सासरी परत गेलीस ती गेलीसच.

मी बोलले ते खरं होतं. त्यातलं अक्षरही मागे घेणार नाही. पण बाबा कपाटात जाणार नाहीत, हेही लिहून ठेव. धैर्य नसेल तर दुसरा एखादा गुण मी त्यांना मिळवून देणारच. तीन महिने हातात आहेत आणि मी अजून कुठे हरलेली नाही.

कला


३ ऑगस्ट २०२५

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, त्यामुळे माझं काही अडलेलं नाही.

बाबांचा गुण मी शोधला होता. वक्तशीरपणा. त्यांची सायकल गल्लीतून गेली की लोक घड्याळ लावायचे, याला दहा माणसं साक्ष देतील. मोठ्या दिमाखात अश्वजीतकडे गेले. तो म्हणतो, "कलादीदी, वक्तशीरपणा यादीत नाही ना जी. मुख्य गुणच चालते."

"यादी कोणी केली?"

"आजोबांनी. दहा पारमिता, म्हणजे बुद्धानं सांगितलेले गुण, आणि धैर्य अन् न्याय वरून जोडले. बारा."

"मग वेळ पाळणं काहून मुख्य नाही? वेळेवर कोणी येत नाही म्हणून तुझी प्रत्येक सभा तासभर उशिरा सुरू होते."

"मले काहून विचारून राहिल्या? तुमच्या वरच्या मॅडमले विचारा. त्या हेच शिकवतात."

वरच्या मॅडम म्हणजे आपल्या माडीवरची भाडेकरू, मैथिली. साताऱ्याकडची मुलगी. इथल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते आणि पोळ्या माझ्याकडून शिकते. तिला विचारलं तर हसायला लागली. म्हणाली, "मावशी, हा वाद अडीच हजार वर्षं चालू आहे. तिकडे ग्रीक लोकांनी चार गुण मुख्य मानले. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. इंग्रजीत त्यांना कार्डिनल व्हर्च्यू म्हणतात. आता ज्याला जे आवडतं त्याला तो तेच म्हणतो. आमचे प्राचार्य हजेरीला म्हणतात, मोबाईल कंपन्या ग्राहकसेवेला म्हणतात."

"आणि मी वक्तशीरपणाला."

"तुम्हीसुद्धा. पण मूळ अर्थ 'मोठा गुण' किंवा 'आवडता गुण' असा नाही. ज्याच्या आधारावर बाकीचे गुण फिरतात तो. लॅटिनमध्ये कार्डो म्हणजे बिजागरी, त्यावरून तो शब्द आला."

ताई, मी पोळी तव्यावर तशीच सोडली. सदतीस वर्षं मी कारखान्यात बिजागऱ्या तपासते आहे! सकाळी नऊ ते सहा उघड-मीट, उघड-मीट, आणि माझ्या टेबलावर ग्रीक पंडित बसलेले आहेत हे मला कुणी सांगितलं नाही. मी तिला म्हटलं, अगं, मग त्यांना हेही माहीत असेल की एका बिजागरीवर दार चालत नाही. नुसतं लोंबतं आणि चौकट उखडतं.

ती गंभीर झाली. म्हणाली, "त्यांचं म्हणणं तेच आहे. विवेक नसलेलं धैर्य म्हणजे आडदांडपणा. न्याय नसलेला संयम म्हणजे सोयीचं मौन. एकटा गुण फार काळ गुण राहत नाही."

रात्री डोळा लागेना. मला माझं सत्य आठवत होतं, त्या सभेत मी एकटंच उभं केलेलं.

आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती मला नऊ वर्षांपूर्वीच कळायला हवी होती. आमच्याकडे एक नग खराब निघाला की अख्खा लॉट परत जातो. मी बाबांच्या बाबतीत तेच केलं, एका प्रसंगावर ऐंशी वर्षांचा माणूस परत पाठवला. पण परत गेलेला लॉट दुरुस्त होऊन पुन्हा माझ्याच टेबलावर येतो. तो पुन्हा तपासायचा असतो. बाबांना मी पुन्हा तपासलंच नाही. त्या चौकशीनंतर काय झालं, जगन्नाथचं पुढे काय झालं, हे कधी विचारलंही नाही.

या रविवारी पाऊस फार आहे. पुढचे दोन रविवार मी जगन्नाथला शोधणार आहे.

कला


१७ ऑगस्ट २०२५

ताई,

सापडला.

जगन्नाथकाका आपल्या विहारातले नाहीत, आपल्या वस्तीतले नाहीत, म्हणून त्या दिवशी सभेत कुणाला त्यांना बोलवायचं सुचलं नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तोच गैरहजर, आणि निकाल आम्ही देऊन मोकळे! ते नर्मदेच्या ग्वारीघाटावर राहतात. ब्याऐंशीचे आहेत. त्यांच्या बायकोचं, कुमुदकाकूंचं, घाटाच्या पायऱ्यांपाशी फुलांचं आणि पानाच्या दोन्यातल्या दिव्यांचं दुकान आहे.

मी नाव सांगितलं. काकूंनी हातातली झेंडूची माळ खाली ठेवली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गणपतभाऊची पोरगी? कोणती? लिहिणारी का बोलणारी?"

मी म्हटलं, "बोलणारी."

"मग लिहिणारीनं तुले सांगितलं नाही का?"

ताई, त्यानंतर जे ऐकलं ते मी जसंच्या तसं लिहिते. खोटं असेल तर कळव.

काका म्हणाले, "आला होता तुझा बाप. माही नोकरी गेल्यावर दहा महिन्यानं. संग तुझी बहीण, हातात वही. मी पाणी देल्लं तर हात इतका कापून राहिला होता का अर्धं अंगावर सांडलं. म्हणे, जगन्नाथ, मी खोटं बोललो. आता लेबर ऑफिसात जाऊन खरं लिहून देतो. मी म्हटलं, अब क्या फायदा, गणपत? पोरी आहेत तुह्या घरी. तर म्हणे, पोरी आहेत म्हणूनच."

तिथेच, त्यांच्या ओसरीवर बसून तू बाबांचा कबुलीजबाब लिहिलास. मी पाहिलं होतं, चौकशीत खोटं बोललो, जगन्नाथचा दोष नाही. त्यांनी सही केली. दोघं सायकलवरून लेबर ऑफिसात गेलात. जगन्नाथकाकांवरचा आळ गेला, नोकरी परत मिळाली. आणि बाबांना फोरमनवरून उतरवून पुन्हा मशीनवर उभं केलं.

आपल्या घरी काय सांगितलं गेलं? फोरमनचं काम जमलं नाही म्हणून उतरवलं. मी त्यावरून त्यांना टोमणे मारले, ताई. जेवताना मारले. मी मारायचे तेव्हा तू समोर बसलेली असायचीस आणि ताटातलं जेवत राहायचीस.

तुला सगळं माहीत होतं! सभेत मी त्यांना भेकड ठरवत होते तेव्हाही माहीत होतं! एक वाक्य बोलली असतीस तर शब्द वाचला असता. मग नऊ वर्षं रुसायचा अधिकार तुला कुणी दिला?

पुढे लिहीत नाही. नाहीतर रागाने कागद फाटेल.


२२ ऑगस्ट २०२५

ताई,

मागचं पत्र फाडलं नसशील तर फाडू नकोस. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ते पत्र म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

चार दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. टेबलावर चांगला माल नापास करत होते. माझ्या शेजारी बसणारी, आपल्याच विहारातली विनता म्हणाली, "दीदी, आज घरी जा. बिजागऱ्यांनी काय बिघडवलं तुमचं?" काल दुपारी डबा खाताना मला अचानक महिने जुळले. बाबांना उतरवलं, पगार घटला, १९८८ च्या मे महिन्यात. माझं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सुटलं जूनमध्ये. ऑगस्टमध्ये मी रिछाईला या टेबलावर बसले.

म्हणजे माझं कॉलेज त्या कबुलीजबाबात गेलं.

हेच तुम्ही दोघांनी माझ्यापासून लपवलंत ना? मला कळलं की त्यांचं खरं बोलणं माझ्या वाट्याला आलं, तर मी त्यांना कधी क्षमा करणार नाही, असं वाटलं तुम्हाला. बरोबर वाटलं. एकोणीस वर्षांच्या कलाला विचारलं असतं तर ती 'नाही' म्हणाली असती. वर चार शब्द सुनावले असते. बरं झालं तिला विचारलं नाही.

मी रडले. अर्धा डबा तसाच राहिला. मग एकदम असा आनंद झाला, ताई, की मी उठून विनताला मिठी मारली आणि तिच्या ताटलीतलं लोणचं सांडलं. इतकी वर्षं मला वाटायचं, बाप भित्रा आणि वर नालायक, म्हणून मी इथे. तसं नाहीच! बाप खरं बोलला म्हणून मी इथे. सदतीस वर्षं मी एका चांगल्या कामासाठी इथे बसले होते आणि मला पत्ता नव्हता.

एक गोष्ट आठवली. त्या सभेत मी बोलून बसले, तेव्हा तू पुन्हा उठली होतीस. तोंड उघडलंस आणि बसलीस. मला वाटलं, ताईकडे उत्तर नाही, मी जिंकले. आता कळतं, कुणाला न सांगण्याचं बाबांना दिलेलं वचन तू पाळलंस. मैथिलीच्या चार गुणांतला संयम तो हाच असणार.

आज सकाळी गुलाबराव आजोबांकडे गेले. शहाण्णव वय, खाटेवर पडून असतात, पण नियम विचारला की उठून बसतात. विचारलं, पडलेला शब्द उचलता येतो का?

ते म्हणाले, "येते. पण ज्यानं पाडला त्यानंच उचलावा लागते. सगळ्यायसमोर म्हणावं लागते, माहा प्रसंग अर्धा होता. अन् मग सभेले म्हणावं लागते, माहा दोष सांगा. आजवर कोणी केलं नाही. साक्षी दोन पाहिजे, पोरी."

एक साक्ष जगन्नाथकाका. दुसरी तू, किंवा तो कागद. त्याची एक प्रत तुझ्या वहीत राहिली होती असं काका म्हणाले. मला खात्री आहे की तू ती टाकलेली नाहीस, तू दहावीचं हॉलतिकीटसुद्धा जपून ठेवणारी. नको येऊस हवं तर. कागद पाठव.

सप्रेम जय भीम.
कला


१६ सप्टेंबर २०२५

ताई,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, दोन शब्द नाहीत, नुसता कागद. चालेल! तू पाठवलास यातच सगळं आलं.

तुझं अक्षर तेव्हाही तसंच गोल होतं. पहिल्या दोन ओळी लेबर ऑफिसरसाहेबांना नमस्कार करण्यात गेल्या आहेत. मग बाबांचं वाक्य आहे, हिंदीत: 'मैंने देखा था और डर के मारे नहीं कहा.' तू ते सजवलं नाहीस, तेवीस वर्षांची असून. मी असते तर दोन विशेषणं तरी घातली असती. आणि खाली त्यांची सही. 'ग' इतका हलला आहे की आधी मला तो 'रा' वाटला. जगन्नाथकाका म्हणाले होते हात कापत होता, ते कागदावरही दिसतं.

मी कागद अश्वजीतसमोर धरला. त्याने तो तीनदा वाचला, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचला. म्हणाला, "दीदी, मी आजच अजेंड्यावर घेतो." नियमावलीत न पाहता म्हणाला! याची नोंद विहाराच्या इतिहासात व्हायला पाहिजे.

मैथिलीने मला भाषण लिहून देऊ का विचारलं. मी म्हटलं, गप्प बस. या घरात लिहिणारी एकच आहे आणि ती नागपूरला असते.

कला


८ ऑक्टोबर २०२५

ताई, ताई, ताई,

जिंकलो!

काल संध्याकाळची सभा. तू आली नाहीस. मी दाराकडे किती वेळा पाहिलं ते सांगत नाही. पण सगळं सांगते, तू तिथे होतीस असं समजून ऐक.

हॉल भरलेला. मागे काही लोक उभे. जगन्नाथकाका आणि कुमुदकाकू ऑटोने आले, काकू नवी साडी नेसलेल्या आणि बाबांच्या फोटोसाठी स्वतः ओवलेला हार घेऊन आलेल्या. गुलाबराव आजोबांना चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं.

माझं नाव पुकारलं. मी उठले. भाषण नव्हतंच. म्हटलं, "नऊ वर्षांपूर्वी माझ्या बापाचा शब्द मी पाडला. मी जे सांगितलं ते खरं होतं, पण अर्धं होतं. पुढचं मला माहीत नव्हतं आणि मी माहीत करून घेतलं नाही. माझा प्रसंग अर्धा होता." तीच चार वाक्यं. ताई, मला वाटलं होतं निघणारच नाहीत. पण इतकी मोकळी बाहेर पडली की मला पुन्हा एकदा म्हणावीशी वाटली. हरण्यात एवढी मजा असते हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी अधूनमधून हरले असते.

मग जगन्नाथकाका बोलले. मग तुझा कागद अश्वजीतने वाचला, आणि 'डर के मारे' आलं तेव्हा ती ओळ त्याने पुन्हा एकदा वाचली. तरी सवय जाते का? म्हणाला, "एक शंका आहे. कागदात स्वतःच लिहिलं आहे का भेव वाटलं. काका बी सांगून राहिले का हात कापून राहिले होते. मग याले धैर्य म्हणावं, का सत्य म्हणावं?"

कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे सत्य, कुणी म्हणे न्याय. मैथिली पुढे सरसावली होती, पण त्याआधी जगन्नाथकाका काठी टेकून पुन्हा उठले.

"भैया, त्या कारखान्यात भेव न वाटणारा एकच माणूस होता. मालकाचा पुतण्या. त्याले लावता का धैर्याचा फोटो?"

असा हशा उसळला की आजोबांची खुर्ची हलली. अश्वजीतसुद्धा हसला. मग काका म्हणाले, "सत्य तो माह्या घरी येऊन बोलला, तेवढ्यानं माहं काही झालं नसतं. न्याय साहेबानं देल्ला. पण कापत्या पायानं त्या ऑफिसची पायरी चढला ना, ते तुम्ही जे म्हणाल ते."

हात वर झाले. मी मोजले नाहीत, कारण खाली राहिलेला एकही दिसला नाही. धैर्य! ताई, तू मागितलेलाच शब्द!

शेवटी माझी पाळी होती. मी हात जोडून म्हटलं, "माझा दोष सांगा." मला वाटलं, लोक भिडेखातर गप्प बसतील. तर विनता उठली, ही माझ्या डब्यातलं रोज खाते! म्हणाली, "कलादीदी खरं बोलते. पण समोरच्याचं पुरं व्हायच्या आत बोलते." पुन्हा हशा. मी मान्य केलं. आजोबा म्हणाले, "लिहून घ्या," आणि अश्वजीतने खरंच लिहून घेतलं.

नव्या भिंतीवर बाबा मधोमध आहेत, कुमुदकाकूंच्या झेंडूत. पट्टी मात्र अजून कोरी आहे, कारण नियमाप्रमाणे शब्द ज्याने पहिल्यांदा सुचवला त्याच्याच हाताने लिहिला जातो. अश्वजीतने रंग आणि ब्रश कुलपात ठेवले आहेत. मी विनंती करणार नाही म्हणून ठरवलं होतं. पण काल एकदा हरून पाहिलं आहे, तेव्हा दुसऱ्यांदा काय बिघडतं?

ताई, ये.

कला


नागपूर
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय कले,

तुझी सगळी पत्रं मिळाली. एकही फाडलं नाही. शेवटचं मी सकाळपासून चार वेळा वाचलं, दोनदा मोठ्याने. घरी आलेला जावई काय म्हणेल याची पर्वा न करता स्वयंपाकघरात 'जिंकलो' असं ओरडले.

पण एक चूक दुरुस्त करायची आहे, ती राहिली तर मला तो शब्द लिहिता येणार नाही.

मी सभेत पुन्हा उठले आणि बसले, त्याला तू संयम म्हणालीस. वचन पाळलं म्हणालीस. तसं नाही. बाबांनी मला एवढंच सांगितलं होतं की कलीला आत्ता सांगू नको, तिला वाईट वाटेल. ते 'आत्ता' केव्हाच संपलं होतं. बाबाही गेले होते. वचन कुठलं उरलं होतं?

मी घाबरले. तू पेटून बोलत होतीस. मी उठले, आणि मला दिसलं की आता मी बोलले तर तुझा पुढचा प्रश्न येणार, 'माझं कॉलेज ज्या कागदात गेलं तो तू लिहिलास का, ताई?' तुझं शिक्षण सुटलं आणि माझं लग्न झालं, मी इथे आले. मला तुझ्या त्या प्रश्नाची भीती वाटली म्हणून मी बसले. बाबांचा शब्द माझ्यासमोर पडला आणि मी पडू दिला. मला सगळं माहीत होतं आणि मी म्हटलं, मला काही माहीत नाही. तोंडाने नाही म्हटलं, पण म्हटलंच.

मी नऊ वर्षं रुसलेले नव्हते. फोनवर तुझं नाव दिसलं की मी तो उशीखाली सरकवायचे. तू रागावलेली समजत होतीस, तो सगळा वेळ मी तुला घाबरत होते. कागद पाठवला तेव्हाही सोबत चिठ्ठी लिहायला बसले होते. तीन लिहिल्या आणि तीनही टाकल्या.

ही चौथी. ही मी टाकणार नाही. खाली माहेरच्या नावाने पूर्ण सही केली आहे. पुढच्या सभेत ही सगळ्यांना वाचून दाखव, त्या दिवशी मी समोर बसलेली असेन आणि मीही हात जोडून माझा दोष विचारेन. विनताला सांग, तयारी करून ये.

पंचवीस तारखेला, शनिवारी, येते आहे. तिकीट काढलं. एकटी येते. स्टेशनवर घ्यायला ये. विहारात जाण्याआधी मला हे सगळं तुझ्या तोंडावर, मोठ्याने सांगायचं आहे. आणि मी सांगत असताना, कले, मध्ये बोलायचं नाही.

तुझी ताई,
ममता गणपत रामटेके